सहकुटुंब सहल आणि पन्नास रुपयांची गुलाबी पावती

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत खानापूर-जांबोटी भागातील पावसाळी सहलींवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, यात वाद नाही. लेखकमहाशय त्या ठिकाणी स्वतः जाऊन आले होते का, एवढीच शंका आहे. कारण कणकुंबीला म्हादईचा उगम होतो, असे त्यांनी खुशाल ठोकून दिले आहे. कणकुंबीला उगम पावते ती मलप्रभा, आणि ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. म्हादई भीमगडच्या जंगलातून निघून पश्चिमेला गोव्यात उतरते आणि तेथे मांडवी होते. ज्या पाण्यावरून राज्ये लवादापर्यंत गेली, त्या नद्यांची अदलाबदल निदान बेळगावात छापल्या जाणाऱ्या पुरवणीत तरी होऊ नये. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले असून तेथे परवानगीवाचून शिरता येत नाही, हेही लेखात कोठे आढळले नाही.

पण माझे खरे दुखणे 'सहकुटुंब' या शब्दाचे आहे. लेखातील तिसऱ्या क्रमांकाच्या धबधब्यावर मी गेल्याच पंधरवड्यात पत्नी, सून आणि दोन नातवंडांसह जाऊन आलो. 'गाडीतून उतरताच धबधबा' असे आपल्या लेखात म्हटले आहे. आम्ही गाडीतून उतरताच एक तरुण पावतीपुस्तक घेऊन पुढे आला. पन्नास रुपये घेऊन त्याने जी गुलाबी पावती दिली, तिच्यावर ना संस्थेचे नाव, ना अनुक्रमांक, ना सही. एका गोल शिक्क्याचा जांभळा डाग तेवढा होता. धबधबा तेथून पुढे अर्ध्या तासाच्या चिखलवाटेवर होता. धाकट्या नातवाच्या पोटरीला दोन जळवा लागल्या, त्या सुनेने डब्यातले मीठ टाकून सोडवल्या. जंगलात जळवा असायच्याच, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. परत गाडीपाशी आल्यावर मी त्या पावतीवाल्याला स्वच्छतागृह कोठे आहे, असे विचारले. त्याने हात गोल फिरवून सांगितले, "एवढं रान पडलंय की, काका!" पासष्ट वर्षांच्या बाईला भर पावसात, सुनेने छत्री आडवी धरलेली असताना, गाड्यांच्या रांगेमागच्या झुडपाआड जावे लागले, आणि पलीकडे मोठ्या आवाजात गाणी लावून तरुणांचा एक जथा नाचत होता. ती घरी येईपर्यंत एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली ते एवढेच, की यापुढे सहलीचे नाव काढू नका. त्या मैदानात मी त्या दिवशी सत्तरच्या वर गाड्या मोजल्या. पन्नासाने गुणाकार आपणच करावा. त्या पैशांत पत्र्याचा एक आडोसा आणि पाण्याचे पिंप तरी बसले असते, असे एका निवृत्त गणित शिक्षकाचे मत आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, पाण्यात उतरू नये असे बजावणारा एकुलता एक फलक तेथे होता, तो केवळ कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येते, त्यामुळे माझे अडले नाही. परंतु शेजारी कोल्हापूरची एक गाडी होती, त्यातील मुले त्या फलकाला पाठ टेकून फोटो काढत होती आणि नंतर सरळ डोहाकडे धावली. त्यांना मी ओरडून थांबवले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच त्यांची सहल मोडली.

यापुढे असे लेख छापायचे झाल्यास वाट किती चालावी लागते आणि बायकांची सोय आहे की नाही, या दोन गोष्टी लेखकाकडून आधी लिहून घ्याव्यात. छायाचित्र एखादे कमी छापले तरी चालेल. पावतीची छायाप्रत सोबत जोडली आहे. त्यावरील शिक्का आपल्या कार्यालयात कोणाला वाचता आला, तर अवश्य कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
शहापूर, बेळगाव