वनराज भाटिया यांची स्वरलिपी जतन व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपट-संगीतकाराच्या कारकिर्दीचा हिशेब आपल्याकडे त्याच्या लोकप्रिय गाण्यांवरून मांडला जातो. या हिशेबात पार्श्वसंगीत आणि दूरचित्रवाणी मालिकांचे संगीत कुठेच धरले जात नाही, आणि म्हणूनच वनराज भाटिया यांच्यासारख्या संगीतकाराच्या वाट्याला फार तर दोन-तीन ओळी येतात. ३१ मे २०२७ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्याआधी या विषयाकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

मुंबईत जन्मलेल्या भाटियांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये ख्यातनाम संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. भारतात परतल्यावर काही वर्षे त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवले आणि पुढे जाहिरातींच्या जिंगल्स हजारोंनी केल्या. जिंगल्सचे हे काम अनेकांना दुय्यम वाटते. मला मात्र वाटते की, काही सेकंदांत एक पूर्ण सांगीतिक विचार मांडण्याची जी शिस्त त्यांच्या चित्रपटांत जाणवते, ती याच कामातून आली असावी.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’पासून (१९७४) त्यांची चित्रपटांची वाटचाल सुरू झाली. ‘मंथन’मधील प्रीती सागर यांनी गायलेले गीत ऐकताना, पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेल्या माणसाने ही चाल बांधली आहे याची पुसटशीही शंका येत नाही, इतकी ती गुजरातच्या मातीतली वाटते. जुन्या जमान्यातील अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’त (१९७७) तर त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता : जुन्या काळच्या चित्रपटांतील गाणी नव्याने रचायची, ती त्या त्या काळची वाटली पाहिजेत आणि तरीही नक्कल वाटता कामा नयेत. तो त्यांनी ज्या बारकाईने सोडवला, त्याचे मोल मराठी रसिकांना अधिक कळावे.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र दूरदर्शनवर झाले. गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’साठी त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास आलेल्या ‘भारत एक खोज’च्या शीर्षकासाठी त्यांनी ऋग्वेदातील नासदीय सूक्त घेतले. सृष्टीच्या उगमाविषयी प्रश्न विचारणारे ते गूढ शब्द समूहगानात बांधताना त्यांनी वेदपठणाचा गंभीर ठाव आणि पाश्चात्त्य वृंदगानाची भव्यता यांची अशी सांगड घातली की, रविवारी सकाळी ते ऐकत मोठी झालेली पिढी आजही पहिल्या काही स्वरांतच ते ओळखते. संगीतकाराचे नाव विचारले, तर मात्र बहुतेक जण गप्प होतात. आता तर शीर्षक वगळून थेट कथेकडे नेणारे बटणच पडद्यावर आले आहे!

मोबदल्याची बाजूही अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालानुसार, मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता ठरत असे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी संगीतकाराला स्वामित्वधनात (रॉयल्टीत) समान वाटा मिळाला. पण तोवर भाटियांच्या कारकिर्दीचा मोठा भाग मागे पडला होता. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तरीही अखेरच्या वर्षांत त्यांना आर्थिक चणचण सोसावी लागल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. ७ मे २०२१ रोजी ते गेले.

पार्श्वसंगीत दृश्यांखाली, संवादांच्या आड वाजते. स्वतंत्रपणे ते सहसा प्रसिद्ध होत नाही. त्याचा खरा दस्तऐवज म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि मूळ ध्वनिमुद्रणे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि दूरदर्शनने भाटियांच्या उपलब्ध स्वरलिपी व ध्वनिफिती एकत्र करून त्यांचे डिजिटल जतन करावे, ते संगीताच्या विद्यार्थ्यांना खुले करावे आणि शताब्दी वर्षात त्यातील निवडक रचना वाद्यवृंदाकडून जाहीररीत्या सादर करून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकानेही त्या निमित्ताने पार्श्वसंगीतावर एखादी लेखमाला चालवावी.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक