बेसाला राहायला जाण्याआधी

नागपूर, शुक्रवार

प्रिय सुहास,

राहायला नागपूरच्या दक्षिणेला बेसा बरं की बेलतरोडी, असं तू विचारलंस. दोन्ही चालतील. फक्त घरापासून वर्धा रोडपर्यंत कसं पोहोचायचं ते आधी ठरव. वर्धा रोड आणि मेट्रो हे दोन्ही रेल्वेलाइनच्या पश्चिमेला, तुझं घर पूर्वेला. म्हणजे रोज मनीषनगरला लाइन ओलांडणं आलं. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नकोस बाप्पा, तेव्हा सगळेच रस्ते मोकळे असतात. सोमवारी सकाळी साडेनऊला गाडीवर निघून पाहा. आणि एकदा भर पावसात जा. काळ्या मातीवरचा लेआउट (प्लॉट पाडलेली वसाहत) असेल आणि आतला रस्ता डांबरी नसेल, तर मडगार्ड आणि चाकाच्या मधे चिखल भरतो आणि चाक जागेवरच बसतं. असं झालं की काडीने चिखल काढत बसावं लागतं, जोर लावून काही होत नाही.

ऑफिस झिरो माइलजवळ आहे ना? मग उज्ज्वलनगरला गाडी लावून मेट्रोची ऑरेंज लाइन धर. बर्डीला (सीताबर्डीला) उतरून लाइन बदलायचीही गरज नाही, पुढचंच स्टेशन तुझं. हिंगणा रोडला जायचं असतं, तर बर्डीला मजला बदलून ॲक्वा लाइन धरावी लागली असती. उज्ज्वलनगर ते छत्रपती चौक या पट्ट्यात खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो आहे. त्यामुळे जिन्यांसाठी चार-पाच मिनिटं जास्तीची धर. मेट्रोचं महाकार्ड काढून घे, रांग वाचते. सायकलही डब्यात नेता येते, म्हणजे उतरल्यावर ऑटोवाल्याशी घासाघीस नको.

मे महिन्यात गाडी उन्हात लावलीस तर संध्याकाळी सीटवर बसवत नाही, म्हणून एक जुनं पांढरं कापड डिकीत असू दे. हवा सकाळी गार टायरमध्ये भर. तापलेल्या टायरमध्ये दाब आधीच वाढलेला असतो, तेव्हा मापून भरलीस तर गार झाल्यावर कमी पडते.

आता पाण्याचं. तिकडे पुष्कळ इमारती बोअरवर चालतात आणि बोअरचं पाणी जड. पिण्याचं सोड, त्याला फिल्टर आहे, पण कूलरचं काय करशील? पाण्याची वाफ होते, क्षार मागे टाकीत राहतात. पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं, कूलरच्या बाजूच्या गवती ताट्यांवर पांढरी खपली धरते आणि महिन्याभरात पंपाची जाळी बुजते. वरून नुसतं पाणी भरत राहू नकोस. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी कर, तळाचा गाळ पुसून काढ आणि पंप बाहेर काढून जाळी ब्रशने घास. कूलरच्या समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेव. ती बंद राहिली की ओलावा घरातच कोंडतो, आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात. पाऊस लागला की कूलर झाकून टाक, दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

भाडं ठरवताना घरमालकाला एकच विचार: उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि लागला तर पैसे कोणाचे?

बाकी तिथली थंडी बघशील. डिसेंबरात पहाटे गच्चीवर चहा घेऊन उभा राहिलास की शहराच्या मधे कधी न लागणारा गारवा लागतो. त्या महिन्यात मात्र गाडीवर हातमोजे विसरू नकोस.

करारावर सही करण्याआधी फोन कर.

तुझा,
विवेक