डार्विनहून पत्र

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मीही. म्हणून लिहितेय. मेलबर्नची विमान चालवायला शिकवण्याची नोकरी सोडली, पंधरा दिवसांपूर्वी इथे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, डार्विनला आले. यंदा गणपतीला येणं होणार नाही. शिमग्याला नक्की येते.

बाबा, तुमची ग्रॅच्युइटी माझ्या पायलटच्या लायसनमध्ये गेली हे मी विसरलेले नाही. पण एकाच विमानतळाभोवती घिरट्या घालून मोठं विमान हातात कधी आलं असतं? इथे आर्नहेम लँड म्हणून दुर्गम भाग आहे, तिथल्या वस्त्यांवर छोट्या विमानाने नर्स, टपाल, सामान पोचवायचं. पावसाळ्यात त्यांचे रस्ते कित्येक महिने बंद असतात. थोडक्यात, बाबा, तुमच्यासारखी एसटीच चालवतेय.

खोली हवेशीर आहे, कुकर घेतला, आई, तुझी आमसुलं अजून पुरतायत.

त्या वस्त्यांवर विमानांना सूचना देणारा मनोरा नसतो, म्हणून दहा मैल अलीकडूनच रेडिओवर सांगायचं, मी येतेय, इतक्या उंचीवर आहे. कुंभार्ली घाटाच्या वळणावर, बाबा, तुम्ही हॉर्न द्यायचात, तसंच. उतरण्याआधी धावपट्टीवरून एक खालची फेरी मारायची, कारण कांगारू असतात, आणि आई, चक्क रानटी म्हशी! पुढे पेट्रोल मिळेलच असं नाही, म्हणून परतीचं इथूनच भरायचं, शिवाय अर्ध्या तासाचं राखीव, त्याला हात लावायचा नाही. दुपारी हवा तापली की विमानाला उडायला जास्त पट्टी लागते, म्हणून जड सामान सकाळीच. (पुढची ओळ बाबांसाठी, आई, तू सोडून दे. इंजिन एकच आहे.)

मंगळवारी गवत जाळल्याच्या धुरात पट्टी दिसेना. शेजारी सीनियर बसले होते, ते काही बोलायच्या आत मी विमान वळवलं. नर्सबाई वैतागल्या. बाबा, मला तो फरशीचा बुटका पूल आठवला. पाणी वरून जात होतं, पॅसेंजर ओरडत होते, आणि तुम्ही रात्रभर गाडी हलवली नाहीत. मी इंजिनाच्या उबेला, तुमच्या खाकी शर्टात गुंडाळून झोपले होते. त्या शर्टाला डिझेलचा वास होता. अजून कुठे डिझेलचा वास आला की मला झोप येते, हे कंपनीला सांगू नका.

आता ऐका. बीपीची गोळी जेवणानंतर नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, मखर शेजारचा पोरगा काढेल. आई, गुडघा दुखत असताना एकवीस मोदकांचा हट्ट नको, अकरा कर. माझ्यासाठी नवा उपास धरू नकोस. विमान पडल्याचे व्हिडिओ बघायचे नाहीत, दोघांनीही.

उतरल्यावर फोन कधी करणार ती वेळ मी उडण्याआधी नोंदवून ठेवते. ती टळली की शोध सुरू होतो. तेव्हा माझा मिस्ड कॉल उशिरा आला तरी माझ्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी आहेच. आणि इथलं घड्याळ चार तास पुढे, आधी हिशोब करा, मग घाबरा.

आरती व्हिडिओ कॉलवर दाखवा. बाबा, फोन सरळ धरा. मागच्या वर्षी मी पूर्ण वेळ पंखाच बघितला.

तुमची,
चिमी