विहिरीची वही हाही डेटाच

मा. संपादक,

'डेटा' म्हटले की मुलांना मोबाइलचा रिचार्ज आठवतो. माझ्या वडिलांकडे तो एका वहीत होता. दर रविवारी विहिरीत दोर सोडायचा आणि पाणी किती हातांवर लागले ते तारखेसह लिहायचे. नुसते '9 हात' म्हणजे कच्ची नोंद, मराठीत विदा. वीस वर्षांची पाने शेजारी ठेवली, तेव्हा कळले की जवळ बोअर मारल्यापासून पाणी लवकर खाली जाते. ती झाली माहिती. 'पाण्याला गंजाचा वास' असेही एका पानावर आहे. आकड्यात न बसणारी ही नोंद मला तितकीच मोलाची वाटते.

म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात झालेल्या तंट्यातही नदीत मुळात पाणी किती, हा कळीचा प्रश्न होता. लवादाने 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42, तर गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. असे हिशेब वर्षानुवर्षांच्या मोजणीवरच मांडता येतात. म्हणून आपल्या गावची मोजणी आपल्याकडे हवी, असे मला कळकळीने वाटते.

वैयक्तिक डेटा ही वेगळी बाब. त्यासाठी 2023 चा कायदा आहे. विहिरी आणि झऱ्यांच्या नोंदी मात्र सर्वांच्या आहेत. पंचायतींनी त्या दरमहा घेऊन मराठी-कोंकणीतून फलकावर लावाव्यात. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. वडिलांची वही मी पंचायतीला द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, साखळी