पुडोंगहून घरापर्यंत

शांघाय,
रविवार

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

व्हिसा लागल्याचं काल फोनवर ऐकलं आणि रात्री कितीतरी वेळ झोपच आली नाही. आता तिकिटंही हातात आली. फक्त एक गोष्ट मनासारखी जुळली नाही. तुम्ही उतरता त्या मंगळवारी मला निंगबोच्या कारखान्यात माल तपासायला जावंच लागणार आहे. माल त्याच आठवड्यात जहाजावर चढणार असल्यामुळे तारीख हलवता येत नाही. संध्याकाळच्या गाडीने मी परत येईन, पण तुमचं विमान दुपारी पुडोंग विमानतळावर उतरतं. म्हणजे विमानतळावरून घरी तुम्हाला दोघांनाच यायचं आहे, आणि ते टॅक्सीनेच यायचं आहे.

बाबा, 'टॅक्सीनेच' हे मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही मेट्रोचा नकाशा बघून ठेवला असणार. दोन नंबरची लाइन थेट विमानतळावरून निघते, तिकीट सात-आठ युआन, हे सगळं खरं. पण मध्ये गाडी बदलावी लागते, बदलताना लांब चालावं लागतं, आणि एकूण वेळ दीड तासाच्या आसपास जातो. हाँगकाँगला विमान बदलून, रात्रभराच्या जागरणानंतर, दोन मोठ्या बॅगा आणि आईचे गुडघे घेऊन हे करायचं नाही. रुळाला न टेकता धावणारी ती चुंबकीय गाडीही त्या दिवशी नको. तीस किलोमीटर आठ मिनिटांत कापते हे खरं, पण ती लोंगयांग रोडपर्यंतच जाते. तिथे उतरून पुन्हा बॅगा उचला, पुन्हा दुसरं वाहन शोधा. त्या गाडीत मी तुम्हाला एका रविवारी खास घेऊन जाईन, निव्वळ बसायला.

टॅक्सीला आपल्या घरापर्यंत साधारण दोनशे युआन होतात. एक युआन म्हणजे बारा रुपयांच्या वर, तेव्हा अडीच हजाराच्या आसपास. आकडा मोठा वाटेल, पण अंतर चाळीस किलोमीटरच्या पुढे आहे आणि भाडं दोघांचं, बॅगांसकट, दारापर्यंतचं आहे. मागच्या वेळी मी गोदरेजच्या कपाटात ठेवलेल्या पाकिटात पाचशे युआन आहेत, ते याचसाठी. हे पैसे वाचवून आणलेत तर मला मुळीच आवडणार नाही.

आता विमानतळाचं. पासपोर्टच्या रांगेत बोटांचे ठसे घेतात, पण सत्तरीच्या पुढच्यांना ते द्यावे लागत नाहीत. त्यामुळे बाबांना नुसतं पुढे सोडलं आणि आईला मशीनपाशी थांबवलं तर घाबरू नका. बॅगा घेऊन काचेच्या दारातून बाहेर आलात की सगळ्यात जास्त लक्ष ठेवायची जागा तीच.

तिथे माणसं तुमच्याकडे येतील. नीटनेटके कपडे, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकवलेलं, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला दरांचा कागद, आणि बऱ्यापैकी इंग्रजी. 'टॅक्सी, सर?' म्हणतील, बॅगेच्या गाडीला हात लावतील. रांग दोन तासांची आहे, किंवा आज टॅक्सी बंद आहेत, असंही सांगतील. खऱ्या टॅक्सीचा ड्रायव्हर कधीच आत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही, तो खाली आपल्या गाडीत बसलेला असतो. त्यामुळे जो स्वतःहून तुमच्याजवळ आला तो टॅक्सीवाला नाही, इतकं धरून चाला. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या आईकडून अशाच एकाने चौपट पैसे घेतले. वर, दिलेली शंभराची नोट खोटी आहे म्हणत दुसरीच नोट तिच्या हातात परत दिली, आणि ती खरंच खोटी निघाली. बाई एकटी होती, भाषा येत नव्हती, काय करणार? म्हणून कोणी काहीही विचारलं तरी थांबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, मान हलवून पुढे चालायचं. आई, तुला कोणाशी न बोलता पुढे जाणं जमत नाही हे मला माहीत आहे. तेवढा वेळ बाबांच्या शर्टाची बाही धर आणि समोर बघ.

टॅक्सीच्या पाट्या इंग्रजीतही आहेत, बाणामागे बाण लागतात. त्यांच्यामागे गेलात की लोखंडी कठड्यांतून वळणं घेत जाणारी रांग दिसेल. पुणे स्टेशनच्या प्रीपेड रिक्षाची रांग आठवा, तसंच, फक्त इथे आधी पैसे भरायचे नसतात. रांगेच्या तोंडाशी गणवेशातला माणूस असतो, तो हाताने दाखवेल त्याच गाडीपाशी जायचं. रांग लांब दिसली तरी पटापट पुढे सरकते. या गाड्या विमानतळाच्या आवारात एका मोठ्या वाहनतळावर नंबर लावून थांबलेल्या असतात, कधीकधी तासन्‌तास. त्यामुळे जवळचं गिऱ्हाईक मिळालं की ड्रायव्हरचा चेहरा पडतो. आपलं घर लांब आहे, तुमचा पत्ता बघून तो खूशच होईल.

गाडीचा रंग कंपनीप्रमाणे वेगळा असतो, कुठली निळसर हिरवी, कुठली सोनेरी पिवळी, कुठली पांढरी. टपावर दिवा, दारावर कंपनीचं नाव, आत मीटर. पूर्वी कित्येक वर्षं इथे टॅक्सी म्हटलं की फोक्सवॅगनची सँटाना, तीही इथल्याच कारखान्यात बनलेली. आता नव्या गाड्या बऱ्याचशा विजेवर चालतात, त्यांची नंबरप्लेट हिरवी असते आणि त्या इतक्या कमी आवाजाच्या असतात की जवळ आलेली कळत नाही, रांगेत उभं राहताना याकडे लक्ष असू द्या.

बाबा, एक सवयीची गोष्ट. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्या सवयीने डावीकडचं पुढचं दार उघडायला गेलात तर आत ड्रायव्हर बसलेला असेल. तुम्ही दोघंही मागेच बसा. चढताना आणि उतरताना उजवंच दार वापरा, डाव्या दारापाशी गाड्या आणि विजेच्या स्कूटर अंगावरून गेल्यासारख्या जातात. मागे बसलात तरी पट्टा लावा.

सोबत जोडलेला कागद बाबांच्या वरच्या खिशात ठेवा. त्यावर मोठ्या चिनी अक्षरांत आपला पत्ता आहे. इंग्रजीतला पत्ता ड्रायव्हरला वाचता येत नाही, आणि हॉटेलचं किंवा सोसायटीचं नाव सांगूनही फारसा उपयोग होत नाही. शांघायमध्ये पत्ता सांगतात तो दोन रस्त्यांचा: अमुक रस्ता, तमुक रस्त्याच्या चौकाजवळ. म्हणून मी आपला रस्ता, आडवा रस्ता, गल्लीचा नंबर आणि कुठल्या फाटकाशी सोडायचं ते लिहिलं आहे. खाली माझा इथला फोन नंबर आणि दोन ओळी: हे माझे आईवडील आहेत, त्यांना चिनी येत नाही, मीटरप्रमाणे पैसे देतील, काही अडलं तर मला फोन करा. कागद दाखवताना नुसतं 'शीफू' म्हणा. ड्रायव्हरला इथे सगळे तसंच हाक मारतात.

तो मला फोन लावेल अशी शक्यता बरीच आहे. तेव्हा तो जोरजोरात बोलेल. तो भांडत नसतो, इथल्या वयस्कर ड्रायव्हरांची बोलायची पट्टीच तेवढी असते. मी पलीकडून ऐकत असेन आणि लगेच तुमच्याशी बोलेन. तेवढ्यासाठी बाबांच्या सिमवर रोमिंगचं पॅक घालून घ्या. विमानतळाचं फुकट वायफाय लावू नका, इथल्या जाळ्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. आपल्या सिमच्या रोमिंगवर मात्र चालतं.

आता मीटर. गाडी सुटताना तो सुरू केला का, एवढं बघा. नसेल तर मीटरकडे बोट दाखवून 'दा ब्याओ' म्हणायचं. बाबा, तुमची नजर मीटरवरून हलणार नाही, म्हणून हेही सांगून ठेवते: पंधरा किलोमीटरनंतर दर दीडपट होतो, म्हणून आकडा एकदम भरभर पळायला लागतो. ती लबाडी नाही, नियमच तसा आहे. गाडी अडकून उभी राहिली तर त्याचेही थोडे पैसे चढतात. रात्री अकरा ते पहाटे पाच भाडं तीस टक्के जास्त असतं, पण तुम्ही दुपारी येता, तेव्हा तो प्रश्न नाही.

उतरताना पावती घ्यायचीच. तिला 'फाप्याओ' म्हणतात. मीटरखालच्या छोट्या यंत्रातून टर्रर्र आवाज करत ती बाहेर येते. तिच्यावर गाडीचा नंबर, कंपनीचा फोन, बसल्याची आणि उतरल्याची वेळ, किलोमीटर, वाटेत उभं राहिल्याचा वेळ आणि रक्कम असं सगळं छापलेलं असतं. तुम्ही तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलीत, तेव्हा कागदाच्या या चिटोऱ्याची किंमत तुम्हाला मी काय सांगणार? गेल्या हिवाळ्यात माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप मागच्या सीटवर राहिला. पावती पर्समध्ये होती, कंपनीला फोन केला, आणि त्याच रात्री ड्रायव्हर स्वतः घेऊन आला. पावती नसती तर या हजारो गाड्यांतली कुठली म्हणून शोधायची?

पैसे नोटांनीच द्या. इथे सगळे फोनमधल्या अ‍ॅपवरून देतात आणि आपलं कार्डही आता त्या अ‍ॅपला जोडता येतं, पण ते आल्यावर निवांत करू. शंभराची नोट लाल, पन्नासची हिरवी. द्यायच्या आधी आईने एकदा मोजायच्या. वर बक्षीस द्यायचं नाही, इथे ती रीत नाही. तुम्ही दिलेत तर बहुतेक तो परतच करेल.

वाटेत बोलायला कोणी नसेल, पण बघायला खूप आहे. पहिला अर्धा तास सपाट, रुंद रस्ता आणि दोन्हीकडे सारख्या दिसणाऱ्या उंच इमारती. मग ड्रायव्हरने नानपू पुलावरून गाडी घेतली तर आई, उजवीकडे मान वळवून बघ. खाली हुआंगपू नदी, तिच्यावर रेती-कोळशाच्या होड्यांची रांग, आणि दूरवर ते तीन गगनचुंबी मनोरे. त्यातला सगळ्यात उंच, पिळा दिल्यासारखा दिसणारा, 632 मीटर आहे. पूल उतरताना रस्ता मोठ्या गोलात फिरत फिरत खाली येतो. तुला घाट लागतो, म्हणून आवळासुपारी पर्समध्ये हाताशी ठेव आणि त्या वळणांवर लांब बघ, फोनमध्ये नको. काही वेळा बोगद्यानेही आणतात, नदी ओलांडलेली कळतसुद्धा नाही. रस्ता कुठला घ्यायचा ते त्याच्यावर सोडा, दुपारची गर्दी त्याला जास्त कळते.

मला या शहरात सगळ्यात आधी धीर आला तो या ड्रायव्हरांमुळे, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. नवीन होते, रात्री उशिरा ऑफिसातून सुटायचे, भाषा येत नव्हती. मीटर टाकून, मुकाट्याने, काचेच्या बाटलीतला चहा पीत ते मला फाटकापर्यंत आणून सोडायचे, आणि मी आत जाईपर्यंत दिवे चालू ठेवून थांबणारेही होते. तुम्ही इतक्या लांबून फोनवर 'पोचलीस का गं?' विचारायचात, आणि मी 'पोचले' म्हणायचे, ते त्यांच्यामुळे. म्हणून तुम्हाला दोघांनाच यायला सांगताना मला भीती वाटत नाही. वाटली असती तर नोकरीकडे न बघता न्यायला आले असते.

हापूस आणू नका, कितीही मोह झाला तरी. ताजी फळं आणू देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. लोणचं आणि मेतकूट चालेल, झाकणाला टेप लावा.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला तुमचा फोटो दाखवून ठेवला आहे, तो बॅगा लिफ्टपर्यंत आणेल. दाराच्या कुलपाचे आकडे फोनवर सांगते, इथे लिहीत नाही. कुकर लावून ठेवलेला असेल, जेवून झोपा. पासपोर्ट मात्र बॅगेत खोल ठेवू नका. घरी उतरलेल्या पाहुण्यांची नोंद चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत करावी लागते, तेव्हा बुधवारी सकाळी नाश्ता झाला की आधी तिकडेच जायचं आहे.

तुमची,
मनू