डिकीतलं सामान बांधणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की तुमच्या पुरवणीत सात सीटर गाड्यांची तुलना येते, यंदाही आली. मायलेज किती, डिकी किती लिटरची, टचस्क्रीन केवढा, सनरूफ आहे की नाही, सगळं वाचलं. पण ती डिकी भरायची कशी आणि भरल्यावर आत बसलेल्या माणसांचं काय, याबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय जरा, कापायचं तर कापा, पण मूर्तीचा भाग तेवढा राहू द्या.

जुनी पद्मिनी घ्या किंवा आताची कुठलीही सेडान, तिची डिकी म्हणजे वेगळा कप्पा, मधे मागच्या सीटची पाठ, वर झाकण, सामान एका बाजूला आणि माणसं एका बाजूला. इस्टेट गाडीत तसं नसतं, टप मागपर्यंत सरळ जातो आणि डिकी आणि माणसं एकाच हवेत. आपल्याकडे इस्टेट कधी चालल्या नाहीत. टाटाने १९९२ ला चक्क ‘इस्टेट’ याच नावाची गाडी काढली, नंतर इंडिगो मरीना आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, आणि सगळ्या गेल्या (मरीना मला अजून आवडते, घरात कोणालाच पटत नाही, असो). पण गंमत बघा, नाव नको म्हणणाऱ्या लोकांनी तोच आकार उंच करून घेतला, एर्टिगा, इनोव्हा, कॅरेन्स या सगळ्या मागून उघड्या डिकीच्याच गाड्या. आणि वर त्या डिकीच्या तोंडाशी आपण तिसरी रांग टाकली आणि तिथे बसवतो कोणाला, तर पोरांना.

आता शाळेतला हिशोब. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोरून धडक झाली की गाडीचं नाक चेपतं आणि गाडी अर्ध्या-पाऊण मीटरात थांबते. जे बांधलेलं आहे, माणूस काय किंवा बॅग काय, ते गाडीबरोबर थांबतं, त्याच्यावर वजनाच्या पंधरा-वीस पट जोर येतो. जे सुटं आहे ते थांबतच नाही, ते त्याच वेगात पुढे येतं आणि ज्याच्यावर आपटेल तिथे वीतभर अंतरात थांबतं, म्हणजे जोर जातो चाळीस-पंचेचाळीस पटीवर. पाच किलो नारळांची पिशवी तेवढ्या वेळापुरती दोनशे किलोच्या पुढे. घरगुती सिलिंडर, चौदा किलो गॅस आणि तेवढंच लोखंड, म्हणजे तीस किलो धरा, तो सव्वा टन. आणि हे ५० च्या स्पीडचं बोलतोय, पनवेल सोडल्यावर ५० नी कोण चालवतं सांगा.

लोक म्हणतात सीटची पाठ आहे ना मधे. आहे, पण तिची परीक्षा केवढ्याची घेतात ते बघा. सीटच्या मजबुतीचा जो युनोचा १७ नंबरचा नियम आहे त्यात पाठीमागे १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० च्या धडकेएवढा धक्का देतात. दोन ठोकळे मिळून ३६ किलो. आपला तांदळाचा एक कट्टा २५ चा, शेजारी चार बॅगा, देवाचं साहित्य, समया, पाण्याचे कॅन, कोणीतरी वेळेवर आणून ठेवलेला मिक्सर, बेरीज तुम्हीच करा. आणि हे सगळं सीटच्या पाठीच्या वर रचलेलं, पार काचेपर्यंत, तिथे तर अडवायला काहीच नाही, फक्त माणसांची डोकी.

एर्टिगाचंच उदाहरण घेतो कारण आमच्या सोसायटीत प्रत्येक विंगखाली एक तरी उभी असते. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटर, तिसरी रांग पाडली की ५५०. म्हणजे कंपनीनेच सांगून टाकलंय की सात माणसं न्यायची तर प्रत्येकी एक पाठीवरची सॅक, नाहीतर पाच माणसं आणि सगळं सामान. सीएनजी असेल तर मागे टाकी, मग तेवढंही नाही. आपण काय करतो, सात माणसं पण नेतो आणि पाच माणसांचं सामान पण नेतो, वर म्हणतो ॲडजस्ट होईल. होतं ॲडजस्ट, तिसऱ्या रांगेतल्या पोराच्या मानेमागे होतं.

पाचच जण असतील आणि मागची रांग पाडली असेल तर भरायचं असं. जड ते खाली आणि पुढे, म्हणजे मधल्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून, मधे फट ठेवायची नाही, कारण फट असेल तर सामानाला धावायला जागा मिळते. कट्टे, आंब्याच्या पेट्या (पाच डझनाची पेटी पंधरा-सोळा किलोची असते) हे सगळं खाली तळाला. कपड्यांच्या बॅगा त्याच्यावर आणि मागे. सीटच्या पाठीच्या उंचीवर थांबायचं, वर गेलंच तर जाळी पाहिजे. मखराचे तुकडे, फुलांच्या माळा असलं हलकं सामान वर चालेल पण तेही जाळीखाली. बऱ्याच गाड्यांना डिकीत खाली कोपऱ्यांत लोखंडी कड्या असतात, मालकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं त्या कशाला आहेत, पिशव्या अडकवतात. त्या सामान बांधायच्या कड्या आहेत. नायलॉनचा पट्टा घ्यायचा, लॉकवाला, टेम्पोवाले वापरतात तसला, आणि आडवातिडवा ओढून घ्यायचा. ते रंगीत इलॅस्टिकचे हुक असतात ना, बाइकच्या मागे डबा बांधायचे, ते नकोत, ताणले जातात आणि हुक सुटला तर डोळा जाईल.

सीट पाडून परत उभी केली की खटका ऐकायचा आणि वरून धरून जोरात हलवून बघायची. काही गाड्यांत लॉकजवळ लाल खूण दिसते, लाल दिसतंय म्हणजे लागलेली नाही. पट्ट्याचं टोक, चादरीचा कोपरा, बिस्किटाचा पुडा असलं काहीही लॉकमधे अडकतं आणि सीट उभी दिसते पण ती नुसती टेकलेली असते. अशा सीटला पाठ लावून आजी बसली आणि मागे शंभर किलो सामान, विचार करा. आणि मधल्या रांगेत कोणीच बसलेलं नसेल, फक्त सामान न्यायचं असेल, तर रिकाम्या सीटचे बेल्ट लावून टाकायचे, जमलं तर उलटसुलट फुलीसारखे, पाठीला तेवढाच आधार होतो. फुकटचं काम आहे.

आता मूर्तीचं. मुंबईहून, पेणहून मूर्ती गावाला नेणारी कितीतरी घरं आहेत आणि बहुतेक घरांत पुढच्या सीटवर कोणीतरी बाप्पाला मांडीवर घेऊन बसतं. भाव समजतो, आमच्या घरातही यावरून वाद झालेत. पण दीड फुटाची शाडूची मूर्ती सहज आठ-दहा किलोची, आणि समोर डॅशबोर्डमधे एअरबॅग. ती सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागात फुगते आणि फुगून येते ती मूर्तीवर, मूर्ती येते छातीवर आणि तोंडावर. हातात धरून ठेवू म्हणणाऱ्यांनी वरचा हिशोब परत बघा, दहा किलो गुणिले वीस. लहान बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्यांना पण हाच हिशोब, तिथे तर बोलायलाच नको. पायाजवळ ठेवायची नाही हे मान्य, मग मूर्ती खोक्यात, तोंडावरचा रुमाल तसाच, खोकं मधल्या रांगेत सीटवर पाट ठेवून त्याच्यावर, बाजूला उशा आणि चादरी ठासून, पुढची सीट मागे सरकवून खोक्याला हलकी टेकवायची आणि वरून सीटबेल्ट. गुरुजींना विचारलं मी, ते म्हणाले बाप्पाला काय अडचण आहे, अडचण तुमचीच असते.

सामान लागलं की मग माणसांच्या सीटा, आणि इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष. मधली रांग पुढेमागे सरकते, मग मागच्यांना गुडघे ठेवायला जागा पाहिजे म्हणून मधल्यांनी सरकायचं, मधल्यांना पाहिजे म्हणून पुढच्यांनी, आणि शेवटी ड्रायव्हर स्टिअरिंगला चिकटतो. ड्रायव्हरची सीट कोणासाठी सरकवायची नाही, बाकीच्यांनी तिच्या हिशोबाने बसायचं. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ टेकवलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला पोचलं पाहिजे, आणि छाती आणि स्टिअरिंगमधे २५ सेंटीमीटर तरी अंतर पाहिजे, ते पण एअरबॅगसाठीच. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला आणावी, मानेला लावून ठेवतात ते चूक, मागून कोणी ठोकलं तर मान तिथूनच मागे मोडते. आणि तिसऱ्या रांगेचे हेडरेस्ट दिसायला आड येतात म्हणून लोक काढून घरी माळ्यावर ठेवतात, कमाल आहे!

रात्रीच्या प्रवासात पुढे बसलेला माणूस सीट पार आडवी करून झोपतो. बेल्ट लावलाय म्हणतो. पण आडवं झाल्यावर खांद्याचा पट्टा छातीपासून सुटून हवेत राहतो आणि धडकेत माणूस खालून सरकतो, कमरेचा पट्टा पोटात घुसतो. कमरेचा पट्टा हा हाडावर पाहिजे, पोटावर नाही, गरोदर बाईने तर पोटाच्या खालून घ्यायचा. आणि एक छोटी गोष्ट, ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवायची नाही, घाटात उतारावर ती ब्रेकच्या खाली गेली की संपलं.

कॅरियरबद्दल जास्त लिहीत नाही. टपाला किती वजन चालतं ते मॅन्युअलमधे असतं, साधारण ५० ते ७५ किलो आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, तिथे लोक ताडपत्रीखाली अख्खं बिऱ्हाड बांधतात आणि मग वळणावर गाडी झुलते. कपाट मोठं आहे म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधून चालवू नका, धूर आत येतो, आणि तो वास न येणारा विषारी वायू असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीची हवा वेगळी लिहिलेली असते, निघायच्या आधी तेवढी भरा. आणि मागे वजन पडलं की नाक वर जातं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात, त्यासाठी स्टिअरिंगजवळ छोटी चकती असते ०, १, २, ३ अशी, ती फिरवली की लाइट खाली येतो. रात्री समोरून येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती माहीत नसावी असं माझं मत झालंय.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, मागे बसले होते, बेल्ट नव्हता. मग दोन महिने सगळीकडे मागच्या बेल्टची चर्चा, १ नोव्हेंबरपासून मुंबईत सक्तीही झाली. बेल्ट नसेल तर हजार रुपये, चौदाच्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तरी हजार, बाहेर लटकणाऱ्या सामानाला कायद्यात वीस हजार. आतल्या सुट्या सामानाचं मात्र नाक्यावर कोणी विचारत नाही. गणपतीत हायवेवर पोलीस मदत केंद्रं लावतात, चहा मिळतो, गाडी बंद पडली तर मेकॅनिक मिळतो, तिथेच एक हवालदार डिकी उघडून बघायला ठेवला तर? दंड नको, नुसतं सांगू दे, हे खाली ठेवा, हे बांधा. आणि शोरूमवाले गाडी देताना हार घालतात, नारळ फोडतात, थर्माकोलची मोठी चावी हातात देऊन फोटो काढतात, अर्धा तास जातो, त्यातली दहा मिनिटं सीट पाडून, लॉक करून, कड्या दाखवून द्यायला काय हरकत आहे? आम्ही गाडी घेतली तिथे विचारलं तर सेल्समन म्हणाला सर यूट्यूबवर आहे सगळं. जाळी ॲक्सेसरीज म्हणून वेगळे पैसे घेऊन विकतात ते वेगळंच.

तुम्हाला विनंती अशी की पुढच्या तुलनेच्या तक्त्यात दोन-चार रकाने वाढवा. जाळी बरोबर मिळते का, डिकीत बांधायच्या कड्या किती, तिसऱ्या रांगेला नीट हेडरेस्ट आहेत का. आणि माणसं धरून गाडी एकूण किती किलो उचलते तो आकडा. बहुतेक सात सीटरमधे तो साडेपाचशे-सहाशेच्या आसपास असतो, सात मोठी माणसं बसली की साडेचारशे-पाचशे तिथेच गेले. लिटर छापता तसा तोही छापा, त्याच रकान्याशेजारी, त्याच टायपात.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)