नोकरीचा अर्ज पाठवण्याआधी : सभासदांसाठी सूचना

अभ्यासिकेतील सर्व सभासदांना नमस्कार.

बँका आणि सरकारी भरतीचे अर्ज भरणं सध्या जोरात चालू आहे, आणि चुका त्याच त्या होताहेत. सगळ्यात मोठा घोळ नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आहे तसंच लिहा, स्पेलिंगसकट. आधारवर वेगळं असेल किंवा लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर राजपत्राची प्रत, विवाह प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. कागदपत्रं तपासायच्या दिवशी धावपळ करून काही हाती लागत नाही.

आयबीपीएसच्या (बँक भरतीची परीक्षा घेणारी संस्था) अर्जाला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही. घोषणापत्र स्वतःच्याच हाताने, इंग्रजीत लिहायचं. एकाने ते बहिणीकडून लिहून घेतलं होतं. अक्षर सुरेख होतं, पण उपयोग शून्य!

आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख वाचा.

खासगी कंपन्यांसाठी एकच कव्हर लेटर सगळीकडे ढकलू नका. अंधेरीला पाठवलेल्या पत्रात लोअर परळच्या कंपनीचं नाव राहून जातं. बायोडेटा पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. 'न्यू फायनल २' नको.

शेवटच्या रात्री सर्व्हर रडतो. फी भरल्यावर पावती आणि अर्जाची प्रिंट जपून ठेवा.

शनिवारी संध्याकाळी ७ ते ९ अर्ज तपासून देऊ. मूळ कागदपत्रं आणा, मोबाइलमधले फोटो नकोत.

– कार्यवाह